काडतुसाचे पुनर्भरण आणि दारूगोळ्याची चाचणी : नेमबाजीतील अचूकतेचा शास्त्रीय विचार

गोषवारा

वापरलेल्या काडतुसाची पुंगळी पुन्हा भरून तिची रेंजवर चाचणी घेणे हा पाश्चात्त्य देशांतील नेमबाजांचा जुना छंद आहे. भारतात कायद्यामुळे आणि ऑलिंपिक नेमबाजीतील काडतुसांच्या रचनेमुळे या छंदाचा पहिला भाग, म्हणजे घरी काडतूस भरणे, नेमबाजाच्या आवाक्याबाहेर आहे. दुसरा भाग, म्हणजे चाचणी, मात्र त्याला पूर्णपणे उपलब्ध आहे. पनवेलसारख्या ठिकाणी विकसित झालेल्या १० मीटर एअर रायफल प्रशिक्षणाच्या संदर्भात ही चाचणी कशी घ्यावी, तिच्या निष्कर्षांवर किती विश्वास ठेवावा आणि कोणत्या नेमबाजाला तिचा लाभ होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : पुनर्भरण, पुंगळी, लॉट, छर्रा, विखुरण, प्रमाण विचलन, नमुना.

प्रस्तावना

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. आदल्या दिवशी झालेल्या पात्रता फेरीत त्याचे ६०० पैकी ५९० गुण झाले होते आणि तो सातव्या स्थानावर होता. त्याच फेरीत भारताच्याच ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर याने ५८९ गुण मिळविले आणि तो अकराव्या स्थानावर राहून अंतिम फेरीबाहेर गेला. साठ गोळ्यांमध्ये एका गुणाचा हा फरक होता. हा फरक दारूगोळ्यामुळे पडला असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. तथापि ज्या खेळात एका गुणावर अंतिम फेरी अवलंबून असते, त्या खेळात गोळी स्वतः किती चुकते हा प्रश्न गौण राहत नाही.

रायगड जिल्ह्यातील पनवेल हे या प्रश्नाच्या विचारासाठी योग्य ठिकाण आहे. अथेन्स ऑलिंपिकच्या (२००४) १० मीटर एअर रायफल स्पर्धेत अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांनी त्याच वर्षी क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण नोंदवून तत्कालीन जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. पुढे त्यांच्या पुढाकाराने पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत लक्ष्य शूटिंग क्लबच्या प्रशिक्षणाची परंपरा उभी राहिली. या परंपरेत घडलेल्या शाहू माने याने २०१८ च्या युवा ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक पटकाविले. अशा केंद्रात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांपुढे लवकरच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो : महागडे, निवडक छर्रे घ्यावेत की साध्या छर्ऱ्यांवर अधिक सराव करावा? या प्रश्नाचे उत्तर अनुभवापेक्षा संख्याशास्त्रात अधिक स्पष्टपणे सापडते. त्यासाठी प्रथम काडतुसाची रचना समजून घेणे आवश्यक आहे.

काडतुसाची रचना आणि पुनर्भरणाची प्रक्रिया

रायफलच्या काडतुसाचे चार घटक असतात : पितळी पुंगळी, प्राइमर, धूरविरहित दारू आणि गोळी. चाप ओढल्यावर कळीचा आघात प्राइमरवर होतो, त्यातील संवेदनशील मिश्रण पेटते, त्याची ज्वाळा दारूपर्यंत पोहोचते आणि दारूच्या ज्वलनातून निर्माण झालेला वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. यांपैकी प्राइमर, दारू आणि गोळी हे तीन घटक एकदाच वापरता येतात. पुंगळी मात्र शिल्लक राहते. काडतुसातील तोच सर्वांत खर्चिक भाग असल्यामुळे तिचा पुनर्वापर करण्याची कल्पना स्वाभाविकपणे पुढे आली.

पुंगळीसाठी सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले पितळ वापरतात. दाब वाढताच हे पितळ फुगून नळीच्या कोठ्याला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरल्यावर ते किंचित आकुंचन पावते, त्यामुळे पुंगळी सहज बाहेर काढता येते. मात्र ती पूर्णपणे मूळ मापावर येत नाही. म्हणून पुनर्भरणाची पहिली पायरी म्हणजे पुंगळी तपासणे, जुना प्राइमर काढणे आणि पोलादी साच्यातून दाबून तिला पूर्ववत मापावर आणणे. त्यानंतर लांबी वाढली असल्यास ती कापून सारखी केली जाते, नवा प्राइमर बसविला जातो, दारू तोलून भरली जाते आणि शेवटी ठरावीक खोलीपर्यंत गोळी बसविली जाते. वारंवार फुगणे आणि दाबले जाणे यामुळे पितळ कठीण व ठिसूळ बनते. त्यामुळे कोणतीही पुंगळी अमर्याद वेळा वापरता येत नाही, तडे दिसताच ती बाद करावी लागते.

पुनर्भरणाची शक्यता प्राइमरच्या रचनेवरही अवलंबून असते. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीला मध्यभागी एकच छिद्र असते, त्यामुळे साच्यातील सुईने जुना प्राइमर सहज निघतो. बर्डन पद्धतीत मध्याच्या बाजूंना दोन लहान छिद्रे असतात आणि सुईचा उपयोग होत नाही. रिमफायर काडतुसात तर वेगळा प्राइमरच नसतो. पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या तळाच्या कडेत आतून पसरविलेले असते आणि कळीच्या आघाताने ती कड कायमची चेपली जाते. अमेरिकेत १८८७ मध्ये प्रचारात आलेले पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस याच प्रकारचे आहे. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल स्पर्धा याच काडतुसाने खेळली जाते. व्यवहारतः ते पुन्हा भरता येत नाही.

धोका कोठे असतो

धूरविरहित दारूचा ज्वलनवेग स्थिर नसतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिए यांनी १८८४ मध्ये अशी दारू सिद्ध केली आणि दाबानुसार ज्वलनवेग वाढतो हा संबंधही मांडला. दाब वाढला की ज्वलन वेगाने होते आणि ज्वलन वेगाने झाले की दाब आणखी वाढतो. त्यामुळे दारूचे वजन थोडे वाढविले तरी दाब त्याच प्रमाणात न वाढता त्याहून पुष्कळ अधिक वाढतो. गोळी अधिक खोल बसविल्यास दारूसाठीची जागा कमी होते आणि दाब वाढतो. दारूचा प्रकार बदलल्यास संपूर्ण गणित बदलते.

दोन चुका विशेष घातक ठरतात. एकाच पुंगळीत अनवधानाने दोनदा दारू भरली गेल्यास बंदूक फुटू शकते. याउलट दारू भरायची राहून गेल्यास केवळ प्राइमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. आवाज क्षीण आला हे लक्षात न घेता नेमबाजाने पुढची गोळी झाडली, तर अडथळ्यामुळे नळी फुटते. म्हणूनच पाश्चात्त्य देशांतील पुनर्भरण करणारे लोक प्रमाणित पुस्तिकांतील मर्यादेच्या आत राहतात. दाबाची मानके ठरविणाऱ्या संस्थांचे काम याच गरजेतून वाढले. युरोपातील सी. आय. पी. ही संस्था १९१४ मध्ये, तर अमेरिकेतील एस. ए. ए. एम. आय. ही संस्था १९२६ मध्ये स्थापन झाली.

भारतातील कायदा आणि महाराष्ट्रातील परिस्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याची व्याख्या व्यापक आहे. तयार काडतुसाबरोबरच दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही तीत समावेश होतो. याच अधिनियमाच्या कलम ५ नुसार दारूगोळ्याची निर्मिती, विक्री, हस्तांतरण आणि चाचणी परवान्याशिवाय करता येत नाही. दारू हा स्फोटक पदार्थ असल्यामुळे स्फोटक अधिनियम, १८८४ चीही चौकट लागू होते. बंदूक बाळगण्याचा परवाना असणे याचा अर्थ घरी काडतुसे तयार करण्याची मुभा असणे असा होत नाही, हे येथे स्पष्टपणे लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेत वैयक्तिक वापरासाठी घरी केले जाणारे पुनर्भरण सर्रास आढळते. त्या देशातील पुस्तके वाचून येथे तसा प्रयोग करणे कायदेशीर आणि शारीरिक अशा दोन्ही दृष्टींनी संकट ओढवून घेणे होय.

महाराष्ट्रात काडतूसनिर्मितीची परंपरा जुनी असली तरी ती कारखान्यांची आहे. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ पासूनचा आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन सात शासकीय कंपन्या स्थापन झाल्या, तेव्हा हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले. स्पर्धात्मक नेमबाजीसाठी लागणारी उच्च प्रतीची पॉइंट टू-टू काडतुसे आणि एअर रायफलचे छर्रे मात्र प्रामुख्याने परदेशांतूनच येतात.

एअर रायफलची स्थिती निराळी आहे. तीत दारू नसते, दाबलेल्या हवेने छर्रा ढकलला जातो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये हवेच्या बंदुकांसाठी ४.५ मिलिमीटर व्यास आणि २० जूल ऊर्जा या मर्यादा परवान्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या मानल्या आहेत. स्पर्धेतील छर्ऱ्याचे वजन सुमारे ०.५३ ग्रॅम आणि नळीच्या मुखाशी वेग सेकंदाला सुमारे १७५ मीटर धरल्यास त्याची ऊर्जा ८ जूलच्या आसपास येते, म्हणजे या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते. त्यामुळे शालेय विद्यार्थ्याला नेमबाजीचा पहिला परिचय बहुधा याच प्रकारातून होतो.

पुनर्भरणाऐवजी निवड

पुनर्भरण करणारा नेमबाज दारूचे वजन, गोळीची खोली, प्राइमरचा प्रकार असे घटक बदलून आपल्या रायफलला मानवणारा संयोग शोधतो. ऑलिंपिक प्रकारांतील नेमबाजाला हे घटक बदलता येत नाहीत. तो कारखान्यातून आलेल्या अनेक लॉटमधून आपल्या नळीला योग्य असा लॉट निवडतो. एकाच कारखान्यातून, एकाच नावाने, पण वेगवेगळ्या दिवशी निघालेल्या काडतुसांत सूक्ष्म फरक असतात आणि प्रत्येक नळीची अंतर्गत मापेही किंचित भिन्न असतात. म्हणून इंग्लंडमधील इली आणि जर्मनीतील शोनेबेक येथे पॉइंट टू-टू काडतुसे बनविणारी लापुआ यांसारख्या कंपन्यांनी खास चाचणी-रेंज उभारल्या आहेत. तेथे नेमबाजाची रायफल शिकंज्यात घट्ट बसवून निरनिराळ्या लॉटच्या गोळ्या झाडल्या जातात आणि उत्तम ठरलेला लॉट तो विकत घेतो.

एअर रायफलच्या छर्ऱ्यांबाबत हीच पद्धत रेंजवर वापरता येते. छर्ऱ्यांच्या डब्यांवर डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिलिमीटर असा छापलेला असतो. शंभरावा भाग मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, परंतु नळीतील खाचांशी छर्रा कसा जुळतो हे त्यावर ठरते.

मापांचा अर्थ

या सूक्ष्म फरकांचे महत्त्व लक्ष्यफलकाच्या मापांवरून कळते. १० मीटर एअर रायफलच्या फलकावर दहा गुणांचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या छर्ऱ्याने त्याला स्पर्श केला तरी दहा गुण मिळतात. म्हणजेच छर्ऱ्याचे केंद्र फलकाच्या केंद्रापासून २.५ मिलिमीटरच्या आत असावे लागते. शिरूर यांच्या ४०० गुणांचा अर्थ असा की चाळीसही छर्रे या मर्यादेत पडले. २०१३ पासून या प्रकारात दशांश गुणांची पद्धत आली आणि प्रत्येक दशांश ०.२५ मिलिमीटरचा झाला. २०१८ पासून महिलांच्या स्पर्धेतही साठ गोळ्या असतात.

५० मीटरच्या फलकावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असून पुढील प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने ८ मिलिमीटर मोठे असते. येथे वेगातील सातत्य निर्णायक ठरते. गोळीचा सरासरी वेग सेकंदाला ३१५ मीटर धरल्यास ५० मीटरसाठी ०.१५९ सेकंद लागतात आणि गुरुत्वाकर्षणाने गोळी सुमारे १२.४ सेंटिमीटर खाली येते. वेग ३०५ मीटर झाल्यास ती सुमारे १३.२ सेंटिमीटर खाली येते. नळीच्या कंपनाचा परिणाम बाजूला ठेवल्यास सेकंदाला १० मीटरच्या फरकाने गोळी ८ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एका वर्तुळाने, खाली सरकते. नेम अचूक असूनही एक गुण जाऊ शकतो तो असा. म्हणूनच चाचणीत वेगमापक यंत्राने प्रत्येक गोळीचा वेग नोंदविणे आणि सरासरीबरोबर त्याचे प्रमाण विचलन काढणे उपयुक्त असते.

लहान गटाचा भ्रम

रेंजवरील प्रचलित पद्धत अशी की प्रत्येक लॉटच्या पाच गोळ्या झाडायच्या, सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर मोजायचे आणि ज्याचा गट सर्वांत लहान तो लॉट निवडायचा. ही पद्धत सोपी आहे, परंतु ती फसवी आहे.

गोळ्यांचे विखुरणे आडव्या व उभ्या दिशांना सारखे आणि प्रसामान्य वितरणाप्रमाणे आहे असे मानल्यास, पाच गोळ्यांच्या गटाचा सरासरी आकार एका दिशेतील प्रमाण विचलनाच्या सुमारे ३.०७ पट येतो. मात्र हा आकार एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाताना सुमारे २७ टक्क्यांच्या प्रमाण विचलनाने बदलत राहतो. आता समजा, दहा डबे समोर आहेत आणि ते सर्व एकाच लॉटचे आहेत, केवळ लेबले निराळी आहेत. प्रत्येकाचा पाच गोळ्यांचा एक गट घेतल्यास सर्वांत मोठा गट सर्वांत लहान गटाच्या दुपटीहून अधिक असणे ही सामान्य गोष्ट ठरेल. लेबले खरी मानणारा नेमबाज त्यांतील एका डब्याला ‘उत्तम’ आणि दुसऱ्याला ‘टाकाऊ’ म्हणेल आणि त्यावर पैसे खर्च करील. प्रत्यक्षात त्याने योगायोगाचीच निवड केलेली असेल.

या भ्रमाची दोन कारणे आहेत. पहिले, गटाचा आकार केवळ दोन टोकाच्या गोळ्यांवर ठरतो, उरलेल्या तीन गोळ्यांची माहिती वाया जाते. दुसरे, अनेकांमधून सर्वोत्तम निवडताना निवडलेल्याचे गुण फुगलेले दिसतात. अशा मापांचा पद्धतशीर विचार अमेरिकेतील ॲबरडीन येथील प्रक्षेप्यशास्त्र प्रयोगशाळेतील संख्याशास्त्रज्ञ फ्रँक ग्रब्ज यांनी १९६४ मध्ये रायफलधारी व क्षेपणास्त्र अभियंते यांच्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत केला होता.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक गोळीचे गटाच्या मध्यापासूनचे अंतर मोजून त्यांची सरासरी काढणे. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यफलक प्रत्येक गोळीचे निर्देशांक देतात, त्यामुळे हे काम सोपे झाले आहे. या पद्धतीत विखुरणाच्या अनुमानातील सापेक्ष त्रुटी ढोबळमानाने अशी काढता येते : गोळ्यांच्या संख्येतून एक वजा करावा, त्याचे वर्गमूळ घ्यावे, ते दुप्पट करावे आणि एकास त्याने भागावे. दहा गोळ्यांसाठी ही त्रुटी सुमारे १७ टक्के, पन्नाससाठी ७ टक्के आणि शंभरसाठी ५ टक्के येते. दोन लॉटमध्ये १० टक्क्यांचा खरा फरक असल्यास तो पुरेशा खात्रीने दाखविण्यासाठी प्रत्येकी सुमारे २०० गोळ्या लागतात. पॉइंट टू-टू काडतुसांच्या पेटीत ५० नग असतात. म्हणजे प्रत्येक लॉटच्या चार पेट्या केवळ चाचणीत संपतील. इतका खर्च बहुतेकांना परवडणारा नाही. त्यावरून असा निष्कर्ष निघतो की रेंजवरील लहान चाचणी अतिशय वाईट लॉट वगळू शकते, परंतु दोन चांगल्या लॉटमधील सूक्ष्म फरक ती ठरवू शकत नाही.

लाभ कोणाला

नेमबाजाची थरथर आणि छर्ऱ्याचे विखुरणे या दोन्हींचा एकत्रित परिणाम साध्या बेरजेने मिळत नाही. दोन्हींच्या प्रमाण विचलनांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. उदाहरणादाखल, १० मीटरवर नवशिक्याचे प्रमाण विचलन ३ मिलिमीटर आणि साध्या छर्ऱ्याचे ०.६ मिलिमीटर मानू. एकत्रित विचलन सुमारे ३.०६ मिलिमीटर होते. निवडक छर्ऱ्याने ०.६ चे ०.३ केले तर ते ३.०१ वर येते. साठ गोळ्यांत दहाच्या मर्यादेत पडणाऱ्या छर्ऱ्यांची अपेक्षित संख्या १७.० वरून १७.५ होते. हा फरक एका दिवसाच्या चांगल्या-वाईट मनःस्थितीत हरवून जाईल.

निष्णात नेमबाजाचे विचलन १ मिलिमीटर मानल्यास चित्र पालटते. साध्या छर्ऱ्याने एकत्रित विचलन १.१७ आणि निवडक छर्ऱ्याने १.०४ होते. साठ गोळ्यांपैकी दहाच्या बाहेर जाणाऱ्यांची अपेक्षित संख्या सुमारे ६ वरून ३.४ वर येते. स्पर्धेत अडीच गुणांचे महत्त्व किती, हे पॅरिसच्या पात्रता फेरीने दाखवून दिले आहे.

या गणितातून प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. नवशिक्या विद्यार्थ्याच्या पालकांनी निवडक छर्ऱ्यांवर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा सरावाच्या छर्ऱ्यांवर, योग्य जॅकेटवर आणि प्रशिक्षणावर खर्च करणे हिताचे आहे. राज्य पातळीच्या पुढे गेलेल्या नेमबाजासाठी मात्र चाचणी ही चैन राहत नाही. विद्यार्थ्याचे अपयश महागड्या छर्ऱ्यांच्या अभावावर ढकलणे आणि निष्णात खेळाडूला साध्या छर्ऱ्यांवर भागविण्यास सांगणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या आहेत.

चाचणीची शिस्त

विश्वसनीय चाचणीसाठी पुढील दक्षता आवश्यक ठरतात.

१) प्रत्येक लॉटच्या किती गोळ्या झाडायच्या हे आधीच ठरवावे. गट बिघडला म्हणून एखादी गोळी ‘माझीच चूक’ म्हणून वगळू नये.

२) लॉटचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि प्रत्येक लॉट वेगवेगळ्या वेळी पुन्हा घ्यावा, म्हणजे तापमान व थकवा यांचा परिणाम एकाच लॉटच्या वाट्याला येणार नाही.

३) पॉइंट टू-टू काडतुसांचा प्रकार बदलल्यावर गोळीवरील मेणाचा नवा थर नळीत बसेपर्यंतच्या काही गोळ्या नोंदीत धरू नयेत.

४) पहिल्या फेरीत सर्वोत्तम ठरलेल्या दोन-तीन लॉटची नव्या गोळ्यांनी दुसरी फेरी घ्यावी आणि निर्णय केवळ दुसऱ्या फेरीवर करावा. फुगलेल्या गुणांचा दोष याने बराच कमी होतो.

५) शिकंज्यातील निकाल नेमबाजाच्या खांद्यावरून पडताळून पाहावा. स्पर्धेत रायफल शिकंज्यात नसते.

६) कोकणातील पावसाळी दमट हवेत शिशाच्या छर्ऱ्यांवर पांढरा थर येऊ शकतो. डबे कोरड्या जागी घट्ट झाकून ठेवावेत. शिसे विषारी असल्याने सरावानंतर हात स्वच्छ धुवावेत, विशेषतः लहान खेळाडूंनी.

पनवेल परिसरातील खेळाडूला १० मीटरसाठी स्थानिक सोय उपलब्ध होऊ शकते. ५० मीटरच्या चाचणीसाठी वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज किंवा पुण्यातील बालेवाडीचे क्रीडासंकुल यांसारख्या ठिकाणी जावे लागते. प्रवास, काडतुसे आणि वेळ यांचा विचार करता तेथे जाण्यापूर्वी चाचणीची आखणी कागदावर करणे अधिकच आवश्यक ठरते.

महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोग

या विषयाचे महत्त्व नेमबाजीपुरते मर्यादित नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांना नमुन्याचा आकार, प्रमाण त्रुटी आणि निवडीतून येणारा पक्षपात या संकल्पना बहुधा पाठ्यपुस्तकातील कोरड्या उदाहरणांनी शिकविल्या जातात. इलेक्ट्रॉनिक फलकावरील साठ गोळ्यांचे निर्देशांक हा त्यांच्यासाठी खराखुरा प्रदत्त संच आहे. एकाच डब्यातील छर्रे दहा पाकिटांत भरून, त्यांना खोटी नावे देऊन, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली घेतलेला प्रयोग विद्यार्थ्याला कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवून जाईल. क्रीडा, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावा असा हा उपक्रम आहे. औषधाची चाचणी असो, बियाण्याच्या वाणांची तुलना असो की परीक्षेच्या निकालावरून अध्यापनपद्धतीचे मूल्यमापन असो, पाच निरीक्षणांवर विजेता ठरविण्याची घाई सर्वत्र सारखीच महागात पडते.

निष्कर्ष

घरी काडतूस भरणे हे भारतीय नेमबाजासाठी कायद्याने बंदिस्त आणि स्वभावतः धोक्याचे क्षेत्र आहे. पॉइंट टू-टू काडतुसाच्या बाबतीत तर ते रचनेनेच अशक्यप्राय आहे. त्याची खंत वाटण्याचे कारण नाही, कारण पुनर्भरणाच्या छंदातील खरे शास्त्र दारू तोलण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक झाडलेल्या गोळ्यांचा प्रामाणिक हिशेब ठेवण्यात आहे. हा हिशेब ठेवण्यास परवाना लागत नाही. त्यासाठी लागतो तो संयम. सर्वांत सुंदर दिसणारा पाच गोळ्यांचा गट खिशात घालून घरी न नेता, तोच लॉट पुन्हा एकदा नव्याने तपासून पाहण्याची तयारी ज्या नेमबाजाजवळ आहे, त्याचीच निवड पुढे स्पर्धेच्या दिवशी टिकण्याची शक्यता अधिक असते.